एकशे त्रेचाळीस साचे

तुळशीदास धुरी दहावी नापास. पण चिंचपोकळी स्टेशनामागच्या त्या कारखान्यात कुणी नवं गिऱ्हाईक आलं आणि "इथले इंजिनिअर कोण?" असं विचारलं, की सगळे त्याच्याकडेच बोट दाखवायचे. आणि हा गडी लाजणाऱ्यांतला नाही हं! चष्मा कपाळावर सरकवून सरळ पुढे व्हायचा.

कारखाना म्हणजे काय, दोन गाळे आणि वर पोटमाळा. तिथे डाय बनतात, म्हणजे पोलादी साचे. साच्यात पत्रा घालून प्रेसच्या मशीनवर दाबला की एका ठोक्यात टिफिनची कडी, पंख्याची पत्ती, कुलपाची जीभ तयार. साचे कापायला वायर-कट नावाचं मशीन असतं. केसाएवढी पितळी तार, तिच्यातून वीज, आणि पाण्याखाली पोलाद मुकाट्यानं कापलं जातं. तारेनं कुठून कुठे जायचं ते कॉम्प्युटर सांगतो, आणि कॉम्प्युटरला सांगायचा तुळशीदास. त्यासाठीचं सॉफ्टवेअर सव्वीस वर्षांपूर्वीचं. ज्या कंपनीनं ते बनवलं ती कधीच बुडाली होती. पण तुळशीदासला त्यातला कानाकोपरा ठाऊक, आणि एकशे त्रेचाळीस साच्यांची चित्रं त्यात ठेवलेली.

नुसती चित्रं नव्हेत. वरचा ठोकणारा तुकडा आणि खालचा साचा यांच्यात किंचित फट सोडावी लागते. कारखान्यात तिला गॅप म्हणतात. ती जास्त झाली की पत्र्याच्या कडेला धार सुटते, कमी झाली की साचा आवळतो आणि एक दिवस फुटतो. पुस्तकात तिचं कोष्टक असतं, पण पत्रा किती कडक, प्रेस किती जुना, हे त्या पुस्तकाला काय डोंबल कळणार! तुळशीदासनं एकेका साच्याची गॅप महिनोन्‌महिने डोकं खाजवून बसवली होती. ती त्या सॉफ्टवेअरात होती आणि त्याच्या डोक्यात होती. तिसरी जागा नव्हती. त्याचे वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांची कारागिरी कुणी फुकटसुद्धा घेतली नाही. हे तुळशीदासनं तरणेपणी डोळ्यांनी पाहिलेलं. आपल्यावाचून जिथे अडेल अशाच ठिकाणी बसायचं, असं त्यानं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि अडतही होतं. मालक शामराव गेल्यावर त्यांचा मुलगा धनेश गादीवर आला, आणि आल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात वसई. तिथे मोठी शेड, ट्रक दारात लागतो, माणसं तरणी. सहा माणसांतल्या चौघांना त्यानं हळूहळू कमी केलं. तुळशीदासला हात लावायची मात्र त्याची छाती होईना. सगळे साचे ह्या माणसाच्या मुठीत! धनेशची बायको किर्ती ऑफिस बघायची. ती एकदा हसत म्हणाली होती, "काका, तुम्ही सुट्टीवर गेलात ना, की ह्यांना झोप लागत नाही." तुळशीदास घरी येऊन बायकोला, शांताला, ते चार वेळा ऐकवून बसला.

मग आली खंडेनवमी.

शामरावांच्या वेळेपासूनची पद्धत अशी, की मशीन धुऊनपुसून त्याला हळद-कुंकू लावायचं, हार घालायचा, आणि एकदा हार चढला की दसऱ्याचा नारळ फुटेपर्यंत कशालाही बोट लावायचं नाही. कॉम्प्युटर तेवढा चालू ठेवायचा. देवापुढे मशीन आंधळं नको, असं शामराव म्हणायचे. तुळशीदासनं हे सगळं काटेकोर पाळलं. माऊसवरसुद्धा झेंडूचं फूल ठेवलं.

आता एक सांगायला हवं. तो कॉम्प्युटर जन्मात कधी इंटरनेटला लागला नव्हता. पण पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, तेव्हा किर्तीनं त्याला वायफाय जोडलं, म्हणजे ड्रॉइंग थेट मेलवर येतील. तुळशीदासनं तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाला नाही.

दुपारचे चार वाजले असतील. आरती सुरू झाली आणि स्क्रीनवर निळी पाटी आली. नवीन अपडेट तयार आहे, पंधरा मिनिटांत कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल. खाली दोन बटणं, आत्ता आणि नंतर. किर्तीनं ती वाचली आणि माऊसकडे हात नेला.

"वहिनी, हात नाही लावायचा!" तुळशीदास टाळ्या थांबवून ओरडला.

"काका, नुसतं नंतर दाबते. एक सेकंद."

"हार चढलाय. आता उद्याच. कॉम्प्युटर काय पळून जातोय?"

ती बिचारी हात मागे घेऊन उभी राहिली. आरती संपायच्या आत स्क्रीन काळी झाली. मग त्यावर ठिपके गोल गोल फिरायला लागले, आणि एक टक्का, दोन टक्के असे आकडे. तुळशीदासनं त्यालाही नमस्कार केला. अहो, काय म्हणावं माणसाला!

दसऱ्याला नारळ फुटला, पेढा वाटला, आणि तुळशीदास खुर्चीत बसला. सॉफ्टवेअर उघडेना. नव्या सिस्टीमनं त्याला ओळखच दाखवली नाही. धनेशनं टेक्निशियन बोलावला. त्यानं खटपट करून जुनी सिस्टीम परत आणली, तेव्हा सॉफ्टवेअर उघडलं आणि म्हणालं, हा कॉम्प्युटर वेगळा दिसतो, कंपनीकडून नवीन किल्ली आणा. कुठल्या कंपनीकडून? ती बुडून दहा वर्षं झालेली. टेक्निशियननं हात टेकले. चित्रांच्या फायली जागच्या जागी होत्या, तुळशीदासकडे त्यांच्या कॉप्यासुद्धा होत्या, पण त्या उघडणारं जगात दुसरं काही नव्हतं.

धनेश बायकोवर उखडला. "वायफाय कुणी जोडलं? कुणाचं डोकं ते?"

"वहिनींना बोलू नका," तुळशीदास म्हणाला. "त्या थांबवत होत्या. मीच अडवलं."

धनेश त्याच्याकडे बघत राहिला. मग पाठ फिरवून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर तुळशीदासला बरं वाटलं असतं.

मग नवीन सॉफ्टवेअर आलं. किर्ती ते पंधरा दिवसांत शिकली, हुशारच होती ती. तुळशीदासला मात्र ते जमेना. डोळे दुखायचे, बटणं सापडायची नाहीत, आणि मुख्य म्हणजे राग यायचा. तेव्हा असं ठरलं, की त्यानं कपाटातून एकेक साचा काढायचा, मापं घ्यायची, सांगायची, आणि किर्तीनं चित्र काढायचं. आकार मापून मिळत होता. गॅप मिळत नव्हती, कारण वापरून वापरून साच्यांच्या कडा झिजलेल्या.

"गॅप किती, काका?" किर्तीनं पहिल्याच साच्याला विचारलं.

तुळशीदासच्या जिभेवर आकडा होता. त्यानं तो गिळला. "पुस्तकातली घाला," म्हणाला.

घरी शांताला सांगितलं तेव्हा तिनं भाकरी थापता थापता मान हलवली. "बरा केलास. सगळा सांगून टाकलास तर मगे तुझ्याकडे काय रवला?"

महिनाभर तो तसाच वागला. पन्नास साचे झाले, पन्नासही वेळा पुस्तकातली गॅप. त्याला वाटलं होतं, माल बिघडेल, धनेश धावत येईल, काका तुम्हीच बघा म्हणेल. माल बिघडला खरा. शाळेच्या टिफिनची कडी होती. नव्या चित्रावरून कापलेल्या साच्याचा पहिला गठ्ठा कारखान्यातल्याच प्रेसवरून आला, आणि पॅकिंग करणाऱ्या दीपिकानं त्यात हात घातला न घातला तोच ओरडून मागे घेतला. दोन बोटं कापली होती. कडीच्या कडेला ब्लेडसारखी धार सुटली होती.

दीपिका नळाखाली बोटं धरून उभी. रक्त थांबेना. तुळशीदासनं एक कडी उचलली आणि अंगठा फिरवून बघितला. त्याला स्वतःची शिसारी आली. हा डबा पहिलीतलं पोर उघडणार! आपल्या हातून असला माल ह्या दारातून सव्वीस वर्षांत गेला नव्हता, आणि आज जाणार होता तो आपण जाणूनबुजून तोंड बंद ठेवलं म्हणून. तो जिना चढून पोटमाळ्यावर गेला.

"वहिनी, कडीची गॅप लिहा. पॉइंट झिरो टू फाइव्ह."

किर्तीनं वर पाहिलं. तिला सगळं कळलं असावं. "आणि बाकीच्या, काका?"

"पहिल्यापासून घ्या. सगळ्या सांगतो."

आणि त्यानं सांगितल्या. रोज पाच-सहा साचे. नुसता आकडा नाही, तो का तसा तेही. ह्या गिऱ्हाइकाचा पत्रा कडक असतो, त्याचा प्रेस डावीकडे झुकतो, ही पत्ती हिवाळ्यात चिकटते. किर्ती विचारत गेली, लिहीत गेली. त्याला सांगण्यात गोडी लागली, हेही खरं. इतक्या वर्षांत एवढं नीट कुणी विचारलंच नव्हतं. कधी कधी मधेच त्याच्या मनात यायचं, की आपण हे काय करतोय? तो पाणी प्यायचा आणि पुढचा साचा उचलायचा. खोटा आकडा सांगणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

एकशे त्रेचाळिसावा साचा फेब्रुवारीत झाला. त्या शुक्रवारी धनेशनं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. "काका, एक तारखेपासून आपण वसईला. तुम्हाला ह्या वयात रोज एवढं लांब झेपायचं नाही. बाबांनंतर तुम्हीच आमचे. जे काय तुमचं आहे ते सगळं व्यवस्थित देणार, काळजी नको."

"मी येईन वसईला. पहाटे निघेन."

"कशाला त्रास, काका? तिथे ऑपरेटर ठेवलाय. किर्तीकडे सगळं आहेच."

किर्ती दारात उभी होती. तिनं मान खाली घातली आणि रडली. शाल आणि नारळ घेऊन तुळशीदास लालबागला चालत घरी गेला. शांतानं नारळ देवापुढे ठेवला आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

मार्च गेला, एप्रिल गेला. तुळशीदास फोन उशाशी ठेवायचा. मनाशी म्हणायचा, कुठेतरी अडणारच. पाऊस लागला की पत्रा बदलतो, तेव्हा तर हमखास अडणार. शांतानं दोनदा सांगितलं, नाद सोड. मे अखेरीला त्याच्यानं राहवेना. त्यानंच किर्तीला फोन लावला.

"वहिनी, काही अडलंय का? नाही, सहज विचारलं."

"अय्या काका! कसे आहात?" मागून मशीनचा आवाज येत होता. "नाही हो, काहीच नाही. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस गॅप एकदम फिट बसल्या. तुमचा एक आकडा इकडचा तिकडे नाही. हे म्हणतात, काकांनी देवासारखं काम केलं."

"बरं झालं," तुळशीदास म्हणाला. फोन ठेवून तो तसाच कॉटवर बसून राहिला. एक तरी चुकायला हवी होती, असं त्याच्या मनात आलं, आणि एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो हुंदके देऊन रडला.