मंगळाचं विमान आणि मांडवातले पंखे

मेव्हणीच्या लग्नात मी विमान घेऊन गेलो होतो, याची लाज मला अजून वाटते. थोरला जावई म्हणून मी वऱ्हाडाची विचारपूस करायला हवी होती. माझं लक्ष मात्र सक्करदऱ्याच्या त्या मंगल कार्यालयाच्या लांबीवर होतं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. मंगळावर यान उतरल्याचे फोटो छापून आले, तेव्हापासून डोक्यात एकच घोळत होतं, तिथं विमान कसं उडेल? तिथली हवा आपल्या हवेच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढी, पण जमिनीची ओढही कमी. म्हणजे पंख अफाट लागणार आणि वजन नसल्यासारखं. माझ्या हिशेबानं, जे विमान इथं माणसाच्या चालीनं तरंगेल, ते तिथं साधारण सहापट वेगात टिकेल. बांबूच्या कामट्या तासून, पतंगाचा पातळ कागद चिकटवून, पुढच्या पात्याला रबराचा पीळ देऊन मी ते बनवलं. पंख माझ्या उंचीहून लांब. घरात सोडलं की तरंगायच्या आत भिंत यायची. बाहेर सोडलं की झुळूक उलटं करायची. दिवाणखान्यातला पसारा बायकोनं हिवाळाभर सोसला. शेवटी म्हणाली, "लग्नात घेऊन चला. पण तिथं नाही उडलं तं माळ्यावर टाकीन, सांगून ठेवते."

जेवणं उरकली. मे महिन्याची दुपार. सगळं वऱ्हाड पंख्यांखाली आडवं झालं. त्या वाऱ्यात माझं विमान क्षणभरही टिकलं नसतं. पण नागपुरात, मे महिन्यात, पंखे बंद करा म्हणायचं कोणत्या तोंडानं? सुटे पंख भरलेलं विमानाचं खोकं मांडीवर घेऊन मी पंख्यांच्या बटणांजवळ खुर्ची ओढून तोंड पाडून बसलो.

लग्नात जावई तोंड पाडून बसला, म्हणजे रुसलाच. बातमी आचाऱ्यापर्यंत गेली. सासरे नरखेडकडचे, संत्र्यांचे बागाईतदार. दुपट्ट्यानं घाम पुसत धावत आले.

"जवाईबापू, काय कमी पडलं? चुकलं असंन तं सांगा."

"काही नाही, मामाजी."

"असं कसं? आज तुम्ही मांगान ते भेटन."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "थोडा वेळ पंखे बंद करता येतील?"

त्यांनी धडाधड सगळी बटणं बंद केली. वऱ्हाड उठून बसलं.

"लाइट गेली का गा?"

"नाही, जवाई रुसला!"

"मंग अंगठी मांगा ना बाप्पा, आमची हवा काहून मांगता?"

हशा पिकला. मी खोकं उघडून पंख जोडले, पीळ भरला आणि विमान सोडलं. ते जरा दबलं, सावरलं, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून सावकाश निघालं. सासरे हात मागे बांधून, बागेत फेरी मारावी तसे, त्याच्या बरोबरीनं चालत राहिले. ना ते पुढे, ना विमान. पार टोकाला जाऊन ते वरमाईच्या मांडीवर अलगद टेकलं. टाळ्या सुरू झाल्या. बायको तिकडून ओरडली, "नाही टाकत माळ्यावर!"

मला राहवेना. "मामाजी, मी रुसलो नव्हतो हो."

"मले माहीत हाय. रुसलेला जवाई दोनदा आमरस मांगत नाही." त्यांच्या सदऱ्यातून घाम ठिबकत होता. "सकाळपासून ते खोकं कुरवाळून राहिले तुम्ही. मले पाहाचं होतं, आत काय हाय ते."

कुणीतरी बटणाकडे हात नेला.

"थांब गा," सासरे म्हणाले, "अजून एक चक्कर होऊ दे."