पनवेल, रोहा, नागोठणे, दिवेआगर

आमच्या घरात एकच गाडी आहे आणि ती मला चालवता येत नाही. मी स्कूटरवाला माणूस. एकदा गाडी शिकायला गेलो होतो, पण शिकवणाऱ्याने थोड्याच दिवसांत हात जोडले आणि म्हणाला, "सर, तुम्ही रिक्षाने जात जा." तेव्हापासून गाडी बायको चालवते. मी बाजूला बसतो, काच खालीवर करतो आणि रस्ता सांगतो, कारण मी शाळेत भूगोल शिकवतो. रस्ता तिला माहीत असतो. तरी मी सांगतो.

तिचं काम लोकांचे कान तपासायचं. उरणच्या एका दवाखान्यात ती जाते, तिथे म्हाताऱ्या कोळणींच्या कानाला हेडफोन लावते आणि आवाज आला की बोट वर करायला सांगते. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचा डावा पाय अशक्त आहे. त्या पायाने क्लच दाबणं शक्य नाही, म्हणून गाडी ऑटोमॅटिक. आम्ही ती जुनीच घेतली, पण ती आल्या दिवसापासून बायको कुणाला न विचारता घराबाहेर पडू लागली. तोवर तिला शाळेत वडिलांनी सायकलवर सोडलं होतं, कॉलेजात भावाने, दवाखान्यात मी. "मला सोडायला सगळे तयार असतात," ती एकदा म्हणाली होती, "मला नुसतं जायचं असतं." मी तेव्हा काहीतरी वाचत होतो. हं म्हणालो असेन.

गाडी नवी असताना गिअरच्या लिव्हरवरची इंग्रजी अक्षरं पाठ व्हावीत म्हणून मी तिला एक युक्ती करून दिली होती. पी म्हणजे पनवेल, गाडी घरी उभी. आर म्हणजे रोहा, गाडी मागे. एन म्हणजे नागोठणे, ना इकडे ना तिकडे. डी म्हणजे दिवेआगर, चला समुद्रावर. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण पनवेलहून जाताना नागोठणं आधी लागतं, रोहा नंतर." मी म्हणालो, ही युक्ती आहे, नकाशा नव्हे. भूगोलाच्या मास्तराला असं म्हणावं लागतं तेव्हा त्याने खरं तर तिथेच गप्प बसावं. पण नावं घरात रुळली. "नागोठण्यात का ठेवलीस?" असं आमच्याकडे अगदी सहज विचारलं जाई.

या फेब्रुवारीत एका सकाळी ती उरणला निघाली आणि गाडी हलेचना. लिव्हर दिवेआगरला, गाडी पनवेललाच. लिव्हर ताकात रवी फिरावी तशी फिरत होती. ओळखीचा मेकॅनिक येऊन बघून गेला. लिव्हरची केबल जिथे गिअरबॉक्सला जोडतात, तिथे एक छोटा दांडा आत जातो. तो फिरला की आतला गिअर बदलतो. त्या दांड्याचं टोक झिजून गोल झालं होतं. दांडा छोटासा, पण त्यासाठी गिअरबॉक्स उघडण्याची त्याची तयारी नव्हती. "एवढ्या जुन्या गाडीत कोण हात घालणार? काढून टाका," तो म्हणाला.

 बायको पर्स खांद्याला लावून माझ्या स्कूटरकडे चालू लागली. मी तिला उरणच्या बसपर्यंत सोडलं. पुढे रोजच सोडू लागलो, संध्याकाळी आणायलाही जाऊ लागलो. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. आपण कसे उपयोगी नवरे आहोत, असं रोज दोन वेळा वाटायचं. तिचा चेहरा मात्र दिवसेंदिवस मिटत चालला होता. एकदा घरी आल्यावर ती म्हणाली, "गाडी गेली तर मी पुन्हा पार्सल होणार." हे मात्र मी ऐकलं.

मग माझ्या अंगात आलं. दांडा मी बदलीन म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी घरातला मिक्सर दुरुस्त केल्यावर तो सुरू करताना सगळे दाराबाहेर उभे राहतात, हा इतिहास तिला माहीत होता. पण गाडी विकण्यापेक्षा बिघडवणं बरं, असा काहीतरी हिशेब तिने केला असावा. कळंबोलीच्या एका जुन्या पार्टवाल्याकडे नवा दांडा मिळाला. मोबाईलवर व्हिडिओ मिळाले. त्यातल्या परदेशी माणसाची नखं स्वच्छ होती आणि त्याचं गॅरेज आमच्या फ्लॅटहून मोठं होतं. तो म्हणत होता, काम सोपं आहे. माझा विश्वास बसला, कारण तो काय म्हणतोय ते मला अर्धंच कळत होतं.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीचं तोंड जॅकने उचललं, लोखंडी स्टँड लावले, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि चटई पसरून खाली शिरलो. गिअरबॉक्समधलं लाल तेल घमेल्यात काढायचं होतं. त्यातलं बरंचसं घमेल्यात गेलं. उरलेलं माझ्या कानात, बाहीत आणि व्हिडिओ लावलेल्या मोबाईलवर. खालचं झाकण काढलं. दांड्याला धरून ठेवणारी एक बारीक पिन ठोकून बाहेर काढली आणि ती टुणकन घमेल्यात पडली. ती शोधायला मी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणली. ती गाळणी नंतर घरात परत येऊ शकली नाही, एवढंच सांगतो.

या सगळ्याला एक प्रेक्षक होता. पहिल्या मजल्यावरचे आमचे शेजारी. मूळचे उलव्याकडचे आगरी, गावातली जमीन विमानतळात गेल्यावर आमच्या इमारतीत राहायला आलेले. मला मास्तर म्हणतात. सकाळीच खुर्ची टाकून बसले होते. "मास्तर, लागलं तर हाक मारा, आमी हाय हितंच," असं मधून मधून म्हणत होते. मी मुद्दाम हाक मारत नव्हतो. एवढी वर्षं बाजूच्या सीटवर काढलेल्या माणसाला एक दिवस तरी गाडीचा धनी व्हायचं असतं.

आणि खोटं वाटेल, पण जुना दांडा निघाला. नवा बसला. पिन बसली, झाकण लागलं, नवं तेल भरलं, गाडी खाली उतरवली, विटा काढल्या. मी उभा राहिलो तेव्हा पाठ सरळ होत नव्हती, पण छाती मात्र पार हनुवटीला लागली होती.

आता शेवटचं सोपं काम, केबल दांड्याला जोडायची. त्यासाठी दांडाही पनवेलला हवा आणि गाडीच्या आतली लिव्हरही पनवेलला हवी, मग नट आवळायचा. दांडा मी नीट पनवेलला फिरवला. पण बॉनेटमध्ये डोकं घातल्यावर लिव्हर दिसेना, म्हणून शेवटी शेजाऱ्यांना हाक मारली. युक्ती त्यांना सकाळीच समजावली होती आणि त्यांनी मानही डोलावली होती. ते ऐटीत स्टिअरिंगवर जाऊन बसले. तेवढ्यात त्यांना उरणहून लेकीचा फोन आला. जावई उरणला यायचा होता आणि अजून पोचला नव्हता, असं काहीतरी चाललं होतं.

मी बॉनेटमधून ओरडलो, "पनवेललाच आहे ना?"

"पनवेललाच हाय!" ते जोरात म्हणाले.

मी नट आवळला. चांगला कचकचून आवळला.

मग बायकोला बोलावलं. ती खाली आली, माझ्याकडे, चटईकडे आणि गाळणीकडे बघून गाडीत बसली. "अरे, लिव्हर नागोठण्यात का आहे?" तिने विचारलं.

"असेल," मी म्हणालो. त्या क्षणी मी कौतुक ऐकायला उभा होतो, प्रश्न ऐकायला नव्हे.

तिने गाडी सुरू केली. इंजिन लागलं. शेजाऱ्यांनी टाळी वाजवली. तिने लिव्हर दिवेआगरला टाकली, ब्रेकवरचा पाय हळूच उचलला आणि गाडी समुद्राच्या ऐवजी थेट रोह्याला निघाली. मागे माझी स्कूटर उभी होती. तिथे ती का लावली होती हे मला कुणी विचारू नये. धाडकन आवाज आला, बायकोने ब्रेक दाबला आणि सगळं थांबलं. स्कूटर आडवी पडली होती, तिचा आरसा जिन्यापर्यंत गेला होता.

मी धावत दाराशी गेलो. ती स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसली होती. घाबरली होती आणि चिडलीही होती.  माझ्या हौसेपायी तिला काही झालं असतं तर, एवढंच डोक्यात येत होतं.

"तुम्ही तर पनवेलला आहे म्हणालात!" मी शेजाऱ्यांवर ओरडलो.

"मना वाटलं जावयाचं इचारता!" ते म्हणाले. "तो हाय ना अजून पनवेललाच!"

 मग बायको हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि हसणं ओसरल्यावर तिने दवाखान्यात पेशंटला सांगावं तशा शांत आवाजात मला सांगितलं, "तुझे कान चांगले आहेत. मी तपासलेत. तुला ऐकू सगळं येतं, तू ऐकत नाहीस."

मी पाना शोधायला वाकलो.

दुसऱ्या खेपेला तिने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, चाकांच्या पुढेमागे विटा लावून घेतल्या आणि स्वतः लिव्हर धरून बसली. लिव्हर नागोठण्यात असताना दांडा पनवेलला जोडला गेला होता, म्हणून सगळंच दोन गावं मागे सरकलं होतं; मी नट सैल केला. "पनवेल?" मी विचारलं. "पी," ती म्हणाली, "गाव नको सांगूस, अक्षर सांग." नट आवळला. मग तिने मला बॉनेटपासून लांब, भिंतीशी उभं केलं आणि एकेक अक्षर टाकून बघितलं. दर वेळी आत टक असा आवाज होत होता आणि ती मान थोडी तिरकी करून ऐकत होती. इंजिन लावून हँडब्रेक सोडल्यावर आरला गाडी विटेला मागे टेकली, डीला पुढे. पीला मी आणि शेजाऱ्यांनी मिळून ढकलूनही हलली नाही.

मी विटा काढल्या, पळत वर गेलो, तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि केसांवरून कंगवा फिरवून खाली आलो. गाडी सुरूच होती. मी बाजूचं दार उघडलं, पट्टा लावला आणि विचारलं, "मग? कुठे जाऊया?"

ती समोर बघत होती. "जाऊया नाही," ती म्हणाली. "जाते."

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी पट्टा सोडला आणि उतरलो. तिने आवाजात राग न आणता सांगितलं होतं, म्हणूनच जास्त लागलं. गाडी गेटपर्यंत सावकाश गेली. गेटपाशी तिने आरशात बघून हात केला आणि उरणच्या दिशेला वळली. दवाखाना बंद होता, काम काही नव्हतं. तिला जायचं होतं, एवढंच. मला एकटं एकटं वाटलं आणि त्याच वेळी फार आनंद झाला. तो आनंद असा होता की मी आडवी पडलेली स्कूटर उचलायचीही विसरलो.

शेजारी खुर्ची आवरत होते. "वैनी एकट्याच गेल्या?"

"हो."

"आनि तुमी नाय गेलात?"

"नाही," मी म्हणालो. "मी पनवेललाच हाय."