न धरलेली झील

आमच्या म्हसावदला भिकुबाईचा आवाज ऐकायचा, तर तिला कळू न देता ऐकावा लागे. ही माझी चुलत वहिनी. केळीच्या बागेत एकटी असली की असं गायची, की एकदा मी ऐकत बसलो आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं!

पण श्रावणात घरोघर बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी चारचौघींत म्हणायची. एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झील धरायची, म्हणजे तीच ओळ पुन्हा म्हणायची. चाळीस वर्षं ओळ उचलली तिच्या सासूनं, फुलीबाईनं. ओळ संपली की जराशी खाकरायची. आणि गाणं उठल्याशिवाय आमच्या घरच्या कानबाईचा चौरंग उंबरा ओलांडत नाही.

फुलीबाई गेली, त्या श्रावणात मान भिकुबाईकडे आला. सोमवारी सकाळी विसर्जनासाठी चौरंग उचलला. खांबाजवळची फुलीबाईची जागा कोणी न सांगता रिकामी राहिली. भिकुबाईनं ओळ म्हटली. मागं झील आलीच नाही. तीही तिथंच थांबली. शेवटी पुतण्या भूपेंद्रनं ट्रॅक्टरवरच्या स्पीकरवर गाणं लावलं, आणि त्या धडधडाटात कानबाई नदीवर गेली.

मग वर्षभर वहिनी गायली नाही, बागेतसुद्धा. म्हणे, "भाऊ, तोंड उघाडं का मांगे कोनी तरी उभं ऱ्हास." मीही त्या खांबाला टेकायचं सोडलं होतं, खोटं कशाला सांगू!

यंदा बायका कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळत होत्या. भूपेंद्रनं विचारलं, "काकी, स्पीकर सांगू ना?" हो म्हटलं असतं, तर गाणं घरातून कायमचं गेलं असतं. वहिनी बायकांकडे वळली.

"मांगला साल झील का बरं नही धरी? मन्हा आवाज इतला वाईट शे?"

शेजारची जसोदाबाई पिठातच बघत म्हणाली, "आवाज नही वं. फुलीमाय खाकरनी नही ना! ती खाकरे, मंग आम्ही धरूत."

"ती मरी गयी, जसोदा."

"माहीत शे. पन आमना कान वाट देखतस."

म्हणजे घाबरलेली ही एकटी नव्हती! वहिनीनं एकदा खांबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पहिली ओळ कोनी एकलीनी उचलानी नही. बठ्याजनी संगे म्हनूत. हात धरा."

सोमवारी सगळ्याजणींचा आवाज फाटका निघाला, वरखाली. एक तर भलतीच ओळ म्हणत होती. पण चौरंग बाहेर पडला. दुसरी ओळ भिकुबाईनं एकटीनं उचलली, आणि झील आली.

नदीत उतरताना पाहिलं, तर जसोदाबाईच्या मनगटावर वहिनीच्या नखांचे चार वळ उमटले होते. दोघी गातच होत्या.