बोंडे सरांची सुधा आणि लंडनचे पाच तास

किस्से ठेवायला जागा लागत नाही, म्हणून ते साठत जातात. आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत स्टाफरूममध्ये खुर्च्या सहा आणि मास्तर नऊ. पण ऐंशीच्या दशकात बोंडे सरांच्या मुलीवरून जमलेले किस्से आरामात मावले. विमान आम्ही सगळ्यांनी खालूनच पाहिलेलं. त्यामुळे विमानाबद्दल प्रत्येकाचं मत पक्कं होतं.

*

बोंडे सर भूगोल शिकवायचे. त्यांची एकुलती एक सुधा लग्न होऊन लंडनला निघाली, तेव्हा शाळेचा पृथ्वीगोल हेडमास्तरांच्या कपाटातून बाहेर आला. पोरं फोडतील म्हणून तो बारा वर्षं कुलपात होता. सरांनी त्यावर पांढुर्णा ते लंडन शिवणाचा दोरा ताणला, मग पट्टीवर धरला. सात हजार किलोमीटरच्या वर.

"दूर नाही जी," हेडमास्तर म्हणाले. "वीतभरही नाही भरला."

*

जावयाने विमानाचे टाइम लिहून पाठवले. मुंबईहून सकाळी सातला निघून दुपारी बाराला लंडन. परतीचं सकाळी दहाला निघून रात्री एकला मुंबई. गणिताच्या वानखेडे सरांनी वजाबाकी केली: जायला पाच तास, यायला पंधरा.

"येताना काहून इतका टाइम लागून राहिला?" बोंडे सरांचा चेहराच उतरला.

चहा ओतता ओतता चपराशी गुलाबराव म्हणाला, "माहेरी येतानी सामान जास्त राहते ना जी."

तीन दिवसांनी आठवीला रेखावृत्तं शिकवताना सरांच्या डोक्यात उजेड पडला. तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे, म्हणजे दोन्हीकडून साधारण दहाच तास! वीस वर्षं ते हेच शिकवत होते. हेडमास्तरांनी मात्र मानलं नाही. "भूगोल परीक्षेपुरता ठीक आहे. तिकिटाचं काम वेगळं राहते."

*

वानखेडे सरांची मोहगावला संत्र्याची बाग. अंतर ते फळाच्या रंगात मोजत. भोपाळला पाठवायचं तर पिकलेलं तोडायचं, दिल्लीला अर्धं हिरवं, कलकत्त्याला पूर्ण हिरवं. लंडनसाठी त्यांनी सुधाला इतकी हिरवी संत्री बांधून दिली की लिंबं वाटावीत.

सुधाचं पत्र आलं: 'बाबा, संत्री अजून आंबटच आहेत. पुढच्या बहाराला झाडाखाली बसून खायला येते.'

पत्राला चौदा दिवस लागले होते. "पोरगी दहा तासात गेली," बोंडे सर म्हणाले, "मग पत्र काय पायी येऊन राहिलं?"

*

पुढचा बहार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. कधी सुट्टी नव्हती, कधी तिकीट महाग होतं. आम्ही चिडवणं सोडलं नाही, हा आमचा मोठेपणा. वानखेड्यांच्या बागेतल्या एका झाडाची संत्री बोंडे सर कोणाला तोडू देत नसत. फळं पिकून खाली गळत.

तिसऱ्या वर्षी आठवीच्या पेपरात त्यांनी प्रश्न काढला: 'पांढुर्णा ते लंडन हवाई अंतर व लागणारा वेळ लिहा.' गुण पाच. पेपर तपासताना एका मुलीच्या उत्तरावर ते थांबले. मी वाकून वाचलं.

'अंतर सात हजार किलोमीटरच्या वर. जायला दहा तास. यायला तीन वर्षं होऊन राहिली, सुधाताई अजून पोचली नाही.'

"बरोबर आहे काय?" वानखेडे सरांनी विचारलं.

"हाव," बोंडे सर म्हणाले आणि पाचपैकी पाच दिले.