पुढचं चाक

सिहोऱ्याहून तुमसरच्या राइस मिलमध्ये कामाला जायला शालिकदादानं वीस वर्षं मोटरसायकल चालवली आणि मी मागं बसलो. समोरून कार अंगावर आली की तो म्हणायचा, "डायवरचं तोंड पाहू नोको, पुढचं चाक पाह्य. तोंड आपल्याकडं अन् ध्यान मोबाइलमधी ऱ्हायते. चाक वळलं का आपुन खाली." आणि तो गाडी मातीत उतरवायचा. माझं डोकं फिरायचं. रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे?

"भांडून का भेटन? जिता घरी पोच."

यंदा दिवाळीत त्याच्या पोरानं, जीवननं, जुनी कार घेतली. आम्ही दोघं ऐटीत मागं बसलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना धान वाळत घातलं होतं. जीवन फोनवर बोलता बोलता उजवीकडं सरकला. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं आमचं चाक पाहिलं, झटकन कडेला उतरला आणि धानावरून घसरून आडवा झाला.

"थांब!" दादा ओरडला.

"काहून? का झालं?" जीवननं त्याला पाहिलंच नव्हतं. गाडी थांबली नाही.

दादा मागच्या काचेतून बघत राहिला.

"चाक पाह्यलं होतं रे त्यानं," तो मला म्हणाला. "बराबर पाह्यलं होतं."