रफूमावशीचा उंबरा

रफूमावशीचा या जगात एकाच गोष्टीवर राग होता. भोकांवर. माणसं कशीही असू देत, आळशी, भांडकुदळ, तोंडाळ, तिला सगळी चालायची. पण बाहीला भोक घेऊन कोणी समोरून गेलं की तिच्याच्यानं बघवायचं नाही. "इकडे ये रे! शर्ट घातलायस की मासे धरायचं जाळं?" असं म्हणून भररस्त्यात अंगावरचा काढून घ्यायची. माणूस बनियनवर उभा, आणि ही पायरीवर बसून सुई चालवतेय. ओरडा खाल्ला तरी लोकांना बरं वाटायचं, कारण रफू असा करायची की भोक कुठं होतं ते त्यालाच सापडू नये.

ती गेली त्याला फार दिवस झाले नाहीत. अजून बाही फाटली की तिला हाक मारायला तोंड उघडतं, आणि मग तसंच मिटतं.

आमची गल्ली बॅटरीच्या कारखान्याच्या मागे. कारखाना म्हणायचं आपलं, खरं तर एक लांबलचक पत्र्याची शेड आणि एक धुराडं. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या तिथं येतात. माणसं त्या कुऱ्हाडीनं फोडतात, आतलं अ‍ॅसिड ओततात, शिशाच्या प्लेटा काढतात आणि भट्टीत वितळवून त्याच्या विटा पाडतात. अ‍ॅसिडचा थेंब कपड्यावर पडला तर तेव्हा कळतच नाही. धुतल्यावर कळतं. काल धड असलेला शर्ट दोरीवर चाळणी होऊन लटकतो.

मावशीचा मुलगा भट्टीवर होता. आधी ती त्याचेच कपडे धुवायची, शिवायची. मग त्याच्या जोडीदाराचे, मग त्याच्या जोडीदाराचे, असं करत करत निम्म्या कारखान्याचे कपडे तिच्या दारात यायला लागले. चार पैसे मिळायचे, पण पैशापेक्षा गप्पा जास्त मिळायच्या. संध्याकाळी सगळे दारात उभे.

"मावशी, माझी पँट झाली का ग?"

"तुझी पँट राहिलीय कुठं? भोकंच उरलीत. भोकांना पँट लावून देते, नेशील?"

असं सगळं हसतखेळत चालायचं.

अ‍ॅसिडला ती फार जपायची. कपडे आधी सोड्याच्या पाण्यात, हाताला पिशव्या बांधून, पोरासोरांना लांब ठेवून. अ‍ॅसिड तिच्या लेखी वैरी होता, पण सरळ वैरी. जिथं बसेल तिथं खूण ठेवणार. कपड्यांवरच्या करड्या धुळीचं मात्र तिला कधी काही वाटलं नाही. धूळ ती धूळ. झटकली की गेली. आणि झटकायलाच लागायची, कारण आमच्याकडं नळ थोडा वेळ येतो आणि करंगळीएवढा येतो. धुळीसकट कपडा बुडवला तर पहिलंच पाणी काळं, मग दुसरं आणायचं कुठून? म्हणून मावशी रोज उंबऱ्यात उभी राहायची आणि एकेक शर्ट हवेत फाट फाट झटकायची. नवीन लग्न होऊन आलेल्या पोरींनाही तिनंच शिकवलं. "आधी झटकायचं ग बाई, मग भिजवायचं. पाणी काय झाडाला लागतं?"

मग नात झाली. नात म्हणजे मावशीचा जीव की प्राण. दुपारी पोर त्या कपड्यांच्या ढिगावरच झोपायची, इतकी मऊ गादी घरात दुसरी नव्हती. दात यायला लागले तेव्हा फार किरकिर करायची. मावशीकडं अगदी कामातून गेलेल्या शर्टांची बटणं साठलेली होती. पांढरी, निळी, एक मोठं कोटाचं. तिनं ती जाड दोऱ्यात ओवून गाठी मारून माळ केली आणि पोरीच्या हातात दिली. पोर गप्प. दिवसभर ती माळ तोंडात. तेव्हापासून सगळी गल्ली तिला बटण म्हणायला लागली. "बटण कुठाय? बटण जेवली का?"

बटण चालायला लागली उशिरा. बोलायला तर लागेचना. पोट धरून रडायची, जेवायची नाही, आणि हट्टाला पेटली की भिंतीवर डोकं आपटायची. शेजारणी म्हणायच्या, उशिरा बोलणारी पोरं हुशार निघतात. सून म्हणायची, तिच्या बाबांवर गेलीय, तेही कुठं बोलतात. सगळे हसायचे, मावशी सोडून. पोरीच्या बरोबरीची पोरं गल्लीत आईला उलट उत्तरं द्यायला लागली होती, आणि ही नुसती बघत बसायची.

दवाखान्यात नवीन नर्सबाई आल्या होत्या. सून बटणला खोकल्याचं औषध आणायला घेऊन गेली, बरोबर मावशी. नर्सबाईंनी खोकल्याचं राहू दिलं बाजूला आणि पोरीच्या हातातली माळ उचलून नाकाशी धरली.

"आजी, ही बटणं कुठली?"

"जुन्या शर्टांची. धुऊन घेतलीत हो, तशी नाही दिली."

"शर्ट कोणाचे?"

मावशीनं सांगितलं. नर्सबाईंनी माळ पोरीला परत दिली नाही. पोरीचं रक्त काढून मोठ्या इस्पितळात पाठवलं.

काही दिवसांनी बोलावणं आलं. नर्सबाई म्हणाल्या, पोरीच्या रक्तात शिसं आहे, आणि बरंच आहे. मावशीला काही उमगेना. "शिसं म्हणजे पेन्सिलीतलं? तिनं पेन्सिल अजून हातात नाही धरली हो."

नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली बसून नीट समजावलं. तुम्ही झटकता ती धूळ म्हणजे शिसंच. ती अंगणात बसते, भांड्यांवर बसते, पोरं रांगतात आणि बोटं तोंडात घालतात. मोठ्यांना सावकाश खाते, लहानांना भरभर. मेंदूला लागतं. औषध आहे, पण आधी घरात येणारं शिसं थांबवा. कपडे घरात नकोत, फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसा, पोरीला दूध द्या, पोटभर जेवण द्या.

"आणि बोलेल का?" मावशीनं विचारलं.

"बोलेल. किती, ते आत्ता नाही सांगता येणार."

घराजवळ आल्यावर सून म्हणाली, "आई, माळ तुम्हीच केली होती ना." वाईट बोलायचं म्हणून नव्हती म्हणाली. पण शब्द बाहेर पडला आणि मावशीच्या काळजाला घरं पडली. तसलं भोक तिला रफू करता येणार नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला मुलगा बसला तेव्हा मावशी म्हणाली, "सोड ते काम."

"सोडतो. मग खायचं काय? आणि राहायचं कुठं? ही खोली स्वस्त का मिळाली, ठाऊक नाही का तुला? धूर इकडं येतो म्हणून मिळाली. धूर नसता तर आपल्याला कोणी उभं केलं असतं इथं?"

त्याचंही खोटं नव्हतं. दूध द्या म्हणे. फरशी ओली पुसा म्हणे. पाणी कुठल्या नळाचं?

मावशीनं दुसऱ्या दिवसापासून लोकांचे कपडे घेणं बंद केलं. दारात येणाऱ्याला म्हणायची, "कपडे बाहेर! आत नको, पायरीवर नको, बाहेर!" मुलालाही सोडलं नाही. तो कोपऱ्यावर कपडे बदलायचा, हातपाय धुवायचा, मग घरात. बटण दारात बसून हे रोज बघायची.

मावशीला वाटलं, निदान आपल्या घरापुरतं झालं. मग एक दिवस ती पाणी आणायला निघाली, तर मुकादमाची बायको दारात उभी राहून नवऱ्याचा शर्ट झटकत होती. फाट फाट. अगदी मावशीसारखं, मनगट वळवून. आणि तिच्या मागे पाळण्यात दोन महिन्यांचं पोर. कपडे मावशीच्या घरातून गेले म्हणजे कुठं गेले होते? ज्याच्या त्याच्या घरी गेले होते. एका घरातली धूळ आता पंधरा घरांत झटकली जात होती, आणि झटकायला शिकवलं होतं मावशीनंच. तिनं हंडा तिथंच खाली ठेवला आणि तशीच मालकाकडं गेली.

मालक सभ्य माणूस होता. खुर्ची दिली. मावशी म्हणाली, "कपड्यांवरचं शिसं पोरांच्या पोटात जातंय मालक. आत एक नळ द्या, एक खोली द्या. कपडे आतच बदलतील, आतच धुतले जातील. मी धुईन. फुकट धुईन."

मालक म्हणाले, "मावशी, माझ्या वडिलांपासून हा धंदा आहे. आमच्या घरात कोणाला काही झालं नाही."

"तुमचं घर कुठं आहे मालक?"

"वर, टेकडीवर."

"आणि वारा कुठून येतो?"

मालक हसले. "मावशी, तुम्ही आपला रफू बघा."

मग तिनं रफूच बघितला. सुईदोऱ्याचा डबा घेतला आणि कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन बसली. म्हणाली, ज्याचा कपडा फाटकाच्या आत राहील त्याचाच शिवीन, इथंच शिवीन. पहिल्या दिवशी लोक हसले. मग तिच्याजवळ तिची सून येऊन बसली, मग आणखी दोघी-तिघी, पोरांना घेऊन. माल घेऊन आलेली गाडी वळेना. मुकादम धावत आला.

"मावशी, उठ ग, गाडी आत घ्यायचीय."

"सुईत दोरा चाललाय. दोरा ओवताना माणसानं हलू नये."

"किती वेळ ओवणार?"

"म्हातारीचे डोळे, बाबा. काय सांगावं." मग आवाज खाली करून म्हणाली, "तुझी बायको पाळण्यावर झटकते रे. मी बघितलं. माझी बटण तुला माहितीय ना कशी आहे?"

मुकादमाचा चेहरा उतरला. तो तसाच आत गेला. मालकाला त्यानं पोरांबिरांचं काही सांगितलंच नाही. तो म्हणाला, "मालक, रोज कपड्यांतून, खिशांतून माल बाहेर जातोय. झटकून फेकून देतात. वर्षाचा हिशेब केला तर किती शिसं जात असेल?"

झालं. पोरांच्या पोटात जातंय म्हटल्यावर जो माणूस हलला नव्हता, तो माल जातोय म्हटल्यावर ताडकन उठला. नळ आला, मागची कोठी मोकळी झाली, धुण्याचं पाणी साठवून गाळ काढायला हौदसुद्धा बांधला. गल्लीत लोक पोट धरून हसले. मावशीही हसली. पण रात्री सुनेला म्हणाली, "शिशाला जेवढा भाव आहे तेवढा आपल्या पोरीला असता तर बोलली असती ग ती आत्तापर्यंत."

त्या कोठीत कपडे धुवायला मावशीच लागली. सून म्हणाली, आई, तुम्ही नका. तर म्हणे, "तुम्हाला पोरं व्हायचीत अजून. मी जुना कपडा, माझ्यावर डाग पडला काय, नाही पडला काय." हौदातलं वरचं पाणी गटारात जायचं आणि गटार खालच्या वस्तीत. हे तिला पहिल्याच आठवड्यात दिसलं. मालकाला सांगून बघितलं, पालथ्या घड्यावर पाणी. मग तीच खाली जायची, दारोदार सांगायची, "त्या पाण्यात भांडी घासू नका ग." त्या म्हणायच्या, मग कुठल्या पाण्यात घासू? परत येताना स्वतःशीच म्हणायची, "घाण धुतली जातच नाही मेली. जागा बदलते नुसती."

बटणचं शिसं हळूहळू उतरत होतं. दर खेपेला नर्सबाई सांगायच्या, थोडं कमी झालंय. पोर जेवायला लागली, डोकं आपटायची थांबली. आई, बाबा, पाणी, इतकं म्हणायची. पण दोन शब्द कधी जोडायची नाही. मावशी रोज कामावरून अंग धुऊन आली की तिला समोर बसवायची. "म्हण, आजी आली. आजी. आली." बटण हसायची, आजीचं नाक धरायची, आणि म्हणायची, "पाणी."

मग मावशीचे हात थरथरायला लागले. सुई हातात ठरेना. अंगावर सूज आली, पोट दुखायचं, चालताना पाय ओढायची. इस्पितळात सांगितलं मूत्रपिंडं गेलीत, वय झालंय. रक्तात शिसं किती ते कोणी बघितलंच नाही. सुनेनं एकदा विषय काढला तर मावशीच रागावली. "माझं बघून काय करायचंय? तेवढ्या वेळात एका पोराचं होईल." म्हणून कागदावर तिचं मरण म्हातारपणाचं लागलं.

सकाळी गेली. कारखान्यात निरोप गेला आणि भट्टी तशीच सोडून सगळे धावत आले. मुलगा सगळ्यांत पुढं, मागं मुकादम, मागं सगळे. करडे हात, करडे कपडे, डोळ्यांखाली पाण्याचे ओघळ. कोणाला कशाचं भान नव्हतं. मावशी आत चटईवर होती, सून उशाशी बसलेली.

दारात बटण उभी होती. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले.

"कपडे बाहेर," ती म्हणाली.

सगळे जागच्या जागी थांबले. मुलगा म्हणाला, "बाळा, आजी गेली ग, बाजूला सर." ती सरली नाही. जोरात म्हणाली, "कपडे बाहेर!" तोच आवाज, तीच मान वर केलेली.

सून उशाशी बसल्या बसल्या रडत होती ती थांबली. पोरीचे जोडलेले पहिले दोन शब्द होते ते, आणि ऐकायला हवी होती ती तिथं झोपलेली होती.

मुलगा उंबऱ्यातून मागं फिरला. त्याच्या मागं मुकादम, मग बाकीचे. एकेक करून सगळे कारखान्यात परत गेले, कोठीतल्या नळाखाली बसले, हातपाय धुतले, कपडे बदलले. मावशीला तेवढा वेळ थांबावं लागलं. मग ओल्या केसांनी, स्वच्छ शर्ट घालून सगळे परत आले, आणि बटणनं दार सोडलं.