केतकीचा अल्बम आणि माझी शेंगदाण्याची चटणी

नवस मी आयुष्यात पुष्कळ बोलले आणि सगळे फेडले. ह्यांच्या बदलीसाठी बोलले, केतकीच्या दहावीसाठी बोलले, एकदा तर समोरच्या शबानाभाभींच्या गुडघ्यासाठीसुद्धा बोलले. पण वेरूळला घृष्णेश्वरापुढं हात जोडून जो एक नवस बोलले ना, त्यानं माझी अशी फजिती केली की देवालाही गाभाऱ्यात हसू आवरलं नसेल. बसा, चहा घ्या. सांगते.

केतकी म्हणजे आमची लेक. गिटार वाजवते, गाणी स्वतः लिहिते, स्वतःच गाते. रॉक म्हणतात त्याला. आधी आधी मला कळायचंच नाही, ही पोरगी गातेय का भांडतेय! मग हळूहळू कानाला सवय झाली. आणि अशी झाली, की भाकरी थापताना माझा हात तिच्या तालावर पडायला लागला. मागे कुठली मोठी कंपनी नाही, काही नाही. गिटारच्या शिकवण्या घेऊन घेऊन तिनं सिडकोतल्या एका तळघरातला स्टुडिओ ठरवला. पहिला अल्बम!

आईचा जीव तो. सोमवार धरून एसटीनं वेरूळ गाठलं. म्हटलं, "देवा, पोरीचा अल्बम नीट पार पडू दे. तोवर मी माझी सगळ्यात आवडती गोष्ट सोडते."

आता आमच्याकडची रीत अशी, की नवसाला सोडायचं ते खरंच जीव अडकलेलं पाहिजे. कारलं सोडून चालत नाही! आधी चहा मनात आला. पण तेवढ्यात बाहेरच्या टपरीवरून आल्याचा असा वास आला म्हणता! हा देवाचाच नकार, असं मी धरलं. मग उरलं काय? केतकीचं गाणं. झालं, बोलून बसले! अल्बम पुरा होईस्तोवर केतकीचं गाणं कानावर पडू द्यायचं नाही.

दुसरी रीत सासूबाईंची. नवस फिटेस्तोवर तोंडातून बाहेर काढायचा नाही, नाहीतर फळत नाही.

आता सांगा, यात माझं काय चुकलं? सगळंच!

घरी येते तर केतकी गिटार गळ्यात घालून ओट्यापाशी उभी. "आई, नवीन चाल झालीय. ऐक ना."

मी काय करणार? समोर भाजलेले शेंगदाणे होते. घातले मिक्सरमध्ये आणि दिलं बटण. घर्रर्र!

"आई, दोनच मिनिटं!"

"चटणी करतेय गं!"

दुसऱ्या दिवशी ती आली, पुन्हा चटणी. तिसऱ्या दिवशी तिनं फोन मांडून खोलीत गाणं भरून घ्यायला सुरुवात केली, पुन्हा चटणी. डबे भरले, बरण्या भरल्या, शेवटी वाटीवाटीनं बिल्डिंगभर वाटली. शबानाभाभी दारात येऊन हात जोडायला लागल्या, "क्या भाभी, इत्ती चटनी कौन खाता? हमारे मियाँ बोल रे, सालन नक्को पकाओ, पहले ये खतम करो!"

मग मिक्सरही बिचारा तापायला लागला. मी कानात कापसाचे बोळे घातले, वरून पदर. एके दिवशी हे दिवाणखान्यातून ओरडताहेत, "अगं दूध! दूध उतू चाललं!" आणि मी त्यांच्याकडं बघून गोड हसतेय. दूध ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून देव्हाऱ्याच्या दिशेनं निघालं, तरी मी हसतेच आहे.

ह्यांनी ताडलं, बायको बहिरी झाली. गेले मला घेऊन कानाच्या डॉक्टरकडं. तिथं बोळे काढावेच लागले. त्यांनी कानाला यंत्र लावलं. बारीक आवाज आला की बटण दाबायचं, असं होतं ते. मी शाळेत कधी पहिली आले नाही हो! म्हटलं, इथं तरी येऊ. एकही आवाज सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, "काका, काकूंचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

काय सांगू तुम्हाला माझा आनंद! घरात पाय टाकला तोच ओरडत. "केतू, पैकीच्या पैकी मार्क! टाचणी पडली तरी ऐकू येतं मला!"

केतकीचा चेहरा असा उतरला, जसं उपास सोडताना कुणी ताट समोरून उचलावं.

"म्हणजे तुला सगळं ऐकू येतं?"

"सगळं!"

"मग माझंच तेवढं नको असतं तुला."

आत गेली. गिटार पिशवीत घातली आणि पलंगाखाली सरकवली. त्यानंतर घरात आवाज म्हणून नाही. मिक्सरसुद्धा गप्प, कारण आता चटणी कशासाठी करायची?

काही दिवसांनी सकाळच्या चहाला हे सहज बोलले, "काय गं केतू, स्टुडिओत जायचं नाही का?"

"नाही बाबा. एकच गाणं राहिलंय, पण ते होणार नाही. अल्बम राहू दे."

मी कप तोंडाशी नेता नेता विचारलं, "का गं?"

"ते गाणं तुझ्यावर आहे, आई. तू ऐकल्याशिवाय मी ते गाणार नाही."

आता बघा हा पेच! मी ऐकल्याशिवाय अल्बम पुरा नाही, आणि अल्बम पुरा झाल्याशिवाय मी ऐकायचं नाही. घृष्णेश्वरानं तरी कुणाची बाजू घ्यावी? मी कप घेऊन उठायला लागले. मनात सासूबाई डोळे वटारून उभ्या.

केतकी खाली बघत म्हणाली, "आवडत नसेल तर तसं सांग ना. मी चिडणार नाही. पण उठून जाऊ नकोस."

तो आवाज मला सोसवला नाही. सासूबाई गेल्या बाजूला आणि मीच ओरडले, "आवडत नाही? अगं बाई, सगळ्यात आवडतं म्हणून तर सोडलं!"

आणि सांगितलं सगळं. वेरूळ, नवस, मिक्सर, कापूस. केतकी हसतेय का रडतेय, कळेना. मध्येच डोळे पुसून म्हणाली, "आई! मग चहा सोडायचा ना!"

पेपरामागून हे म्हणाले, "चहा? त्याआधी मला सोडेल ती."

मी हातातल्या कपाकडं बघितलं. अजून अर्धा होता, वर साय धरलेली. ठेवला खाली. मनात म्हटलं, देवा, अदलाबदल. हा चहा घे, माझं गाणं मला दे.

तिनं गिटार काढली. "दार लोट आई, पण कडी नको लावू", असं होतं ते गाणं. गॅसवर शेंगदाणे होते, ते करपले. मी करपू दिले.

अल्बम निघाला. वेरूळला जाऊन अभिषेक करून आले. आता खरी गंमत ऐका. कुठल्या कुठल्या गावची पोरं केतकीला विचारतात, "पहिल्या गाण्यात मागं जी गिटार गुरगुरते, ती कुठली हो? काय आवाज आहे!" ही कार्टी कळवते, "ती माझी आई आहे." तिनं घरी फोनवर भरलेलं माझ्या मिक्सरसकट जसंच्या तसं ठेवलं होतं! म्हणजे जे गाणं कानावर पडू नये म्हणून मी एवढी धडपडले, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझाच.

तिनं आता दुसऱ्या अल्बमची गाणी लिहायला घेतलीत. म्हणून तर मघापासून तुमच्या हातात चहा आणि माझ्या हातात गरम पाणी. ह्या खेपेला देवाच्या आधी तिच्या कानात सांगितलं.

तुम्हीही बोला की असा एखादा नवस. तुमच्याही घरात कुणीतरी दार लोटून काहीतरी वाजवत, लिहीत, घोकत असेलच. त्याच्यासाठी खुशाल चहा सोडा, साखर सोडा. पण माझं एवढं ऐका. आज घरी गेलात की जरा वेळ त्या दारात जाऊन बसा. मिक्सर बंद ठेवून.